बाम, मलम, ऑइंटमेंट, सॅल्व्ह : शब्द कुठले, आणि डबीवर छापायचं काय?

लेबल_महाल (प्रश्न)

नागपुरातल्या एका लहान परवानाधारक कारखान्याची मराठी लेबलं आणि डबीतली घडीपत्रकं लिहायची आहेत. माल तीन प्रकारचा : डोकेदुखीचा बाम, गंधकाचं १० टक्क्यांचं ऑइंटमेंट, आणि टाचांच्या भेगांसाठी मेण-तेलाचं 'हीलिंग सॅल्व्ह'. इंग्रजी मसुद्यात तीन वेगळे शब्द आहेत, मराठीत आधीच्या माणसाने तिन्हींना 'मलम' ठोकून दिलंय.

मालकांचं म्हणणं असं की 'बाम' हा आपलाच शब्द, तो 'ब्राह्मी'पासून आलाय (व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या मजकुरात तसं आहे), आणि 'ऑइंटमेंट' मात्र परका, म्हणून नको. घडीपत्रकावर 'शब्दाची गोष्ट' अशी चार ओळींची चौकटही हवी आहे, म्हणून खात्रीची माहिती पाहिजे. बाम शब्द नक्की कुठला? बाकीच्या दोघांचं मूळ काय? आणि हे तीन पदार्थ खरोखर वेगळे आहेत की नुसती नावं वेगळी?

शब्दखोदू

ब्राह्मीचा काही संबंध नाही. 'ब्राह्मी'चं मराठीत 'बाम' व्हायला मधली एकही पायरी सापडत नाही, आणि हा शब्द मराठीत आला तोच मुळी डबीवर बसून, इंग्रजीतून. पण इंग्रजीचाही तो नाही. त्याचा प्रवास सांगायचा तर त्यातल्या एका 'ल'च्या मागे जावं लागतं.

इंग्रजी स्पेलिंगमध्ये 'ल' आहे, उच्चारात नाही. पाम, काम, साम (ताडाचा, शांततेचा आणि स्तोत्राचा शब्द) यांचंही तेच. म्हणजे आपण 'बाम' म्हणतो ते अशुद्ध नाही, इंग्रज जसं बोलतो तसंच आहे. उलट 'बाल्म' लिहिणारे चुकतात.

मागे जाऊ. मध्ययुगीन इंग्रजीत हा शब्द जुन्या फ्रेंचमधून आला, तेव्हा तो 'बास्म', 'बाउम' अशा रूपांत होता. आजच्या फ्रेंचमध्ये तो 'बोम' आहे. फ्रेंचने लॅटिन 'बाल्सामुम' झिजवून हे रूप केलं होतं. पुढे सोळाव्या शतकाच्या सुमारास इंग्रजी पंडितांनी लॅटिन पाहून लिखाणात 'ल' परत पक्का केला. लोकांनी तो उच्चारला नाही. 'बाल्सम' हा दुसरा इंग्रजी शब्दही त्याच लॅटिनमधून, फक्त न झिजता आलेला. एकाच घरातले दोघे, एक पायी आला आणि एक पालखीत.

लॅटिनने तो ग्रीक 'बाल्सामोन'वरून घेतला आणि ग्रीकांनी पश्चिम आशियातल्या सेमिटिक भाषांतून. हिब्रूत 'बोसेम' म्हणजे सुगंधी द्रव्य, अरबीत 'बशाम' हे त्या झाडाचंच नाव. आता गंमत बघा : हिब्रू-अरबीतल्या या शब्दांत 'ल' नाहीच. मग ग्रीकांनी आणला कुठून? मधलं व्यंजन जुन्या सेमिटिकमध्ये आपल्या 'स'सारखं नव्हतं. जिभेचं टोक वरच्या दातांमागे 'ल'सारखं टेकवा आणि आवाज न करता वारा दोन्ही कडांनी सोडा. जे ऐकू येतं ते अर्धं 'ल', अर्धं 'स'. ग्रीक कानाला तो एक ध्वनी दोन वाटला आणि त्यांनी 'ल्स' लिहिलं. म्हणजे ज्या 'ल'ला इंग्रज आज गिळतो तो एका हरवलेल्या ध्वनीचा अवशेष आहे.

आणि वस्तू? मुळात बाम म्हणजे चोळायचं औषध नव्हतंच. तो एका झुडपाचा डिंक-राळ होता : कॉमिफोरा गिलियाडेन्सिस. आपला गुग्गुळ (कॉमिफोरा वाइटी) आणि हिराबोळ (कॉमिफोरा मिर्‍हा) याच प्रजातीतले. मृत समुद्राकाठी एन-गेदी आणि यरीहो इथे त्याच्या बागा होत्या. यरीहोची बाग रोमन सेनानी अँटनीने इजिप्तची राणी क्लिओपात्रा हिला दिली होती. ग्रीक वनस्पतीशास्त्रज्ञ थिओफ्रास्टसने लिहिलंय की ही राळ दुप्पट वजनाच्या चांदीला विकली जाई. रोमन लेखक प्लिनीच्या नोंदीप्रमाणे खोडाला चीर देताना लोखंड वापरत नसत, झाड मरतं अशी समजूत होती. काच, दगड किंवा हाडाची सुरी घेत आणि फक्त साल कापत. थेंब थेंब गळे. असल्या महागड्या राळेत तेल मिसळून सुगंधी लेप करत, म्हणून हळूहळू राळेचं नाव लेपाला चिकटलं. मग कुठल्याही सुगंधी, दुखणं शमवणाऱ्या लेपाला. मग 'मनाला बाम' वगैरे.

प्रेताला मसाले भरून टिकवण्याचा इंग्रजी शब्द 'एम्बाम' हाही यातलाच. हे मात्र घडीपत्रकावर छापू नका.

इतवारीकर

वा राजेहो, लय भारी माहिती दिली. पण दोन गोष्टी विचारून घेतो.

एक, बागेतल्या फुलालाही बाल्सम म्हणतात ना? ते काय?

दोन, 'मलम' तर आपलाच असेल! मल काढते ते मलम. आयुर्वेदाच्या पुस्तकात 'मलहर' असा शब्द सरळ दिलेला आहे, मग अजून काऊन शोधून राहिले?

शब्दखोदू

फुलाचं लवकर सांगतो. बागेतलं बाल्सम म्हणजे इम्पेशन्स बाल्समिना, आपला तेरडा. राळ नाही, बाम नाही, नाव फक्त उसनं. इंग्रजी नाव बघून कोणी तेरड्याच्या अर्काचा बाम विकायला काढला तर त्याचा रंग खरंच तीन दिवस.

मलमाचं उत्तर कोशवाचक ताईंनी द्यावं, तो त्यांचा प्रांत.

कोशवाचक

इतवारीकर भाऊ, तुमचा तर्क पुष्कळांचा आहे, पण गाडी उलटी जोडली आहे. 'मलम' हा अरबी 'मरहम'चा मराठी अवतार. फारसी-उर्दूतून आला, 'र'चा 'ल' झाला, 'ह' गळला. हिंदीत 'मरहम' आणि 'मलहम' दोन्ही चालतात, तिथे मधली पायरी अजून दिसते. 'मलहर' ही नंतरची कारागिरी : युनानी हकिमांचा मेण-तेलाचा 'मलहम' वैद्यांनी उचलला, नावाला संस्कृत पोशाख शिवला, आणि 'मल हरण करते ते मलहर' अशी व्युत्पत्ती वर लावली. विसाव्या शतकातल्या रसशास्त्राच्या ग्रंथांत हा कल्प (औषधाचा प्रकार) या नावाने स्थिरावला. चरक-सुश्रुतात व्रणावर लावायच्या गोष्टींना लेप, आलेप, कल्क, घृत, तैल अशी नावं आहेत. शब्द वाईट नाही, वापरा. फक्त तो 'मूळ' आहे असं छापू नका.

आता मालकांचा मुद्दा, 'ऑइंटमेंट' परका म्हणून नको. इथे खरी मजा आहे. या चार शब्दांत बाम आणि मलम हे दोन आपल्या भाषाकुळाबाहेरचे पाहुणे आहेत. परके वाटणारे ऑइंटमेंट आणि सॅल्व्ह हे मात्र चुलत घराण्यातले.

ऑइंटमेंट : जुनं फ्रेंच 'ओइन्यमां', त्यामागे लॅटिन 'उंग्वेंतुम', त्यामागे 'उंग्वेरे' म्हणजे माखणे, चोपडणे. हे क्रियापद आणि संस्कृत 'अञ्ज्' (अनक्ति, माखतो) एकाच मूळ धातूचे. 'अञ्ज्'पासून आपल्याकडे केवढा गोतावळा झालाय पाहा : अंजन, व्यंजन, निरंजन, यज्ञातलं आज्य (तूप), घृताक्त मधलं 'अक्त', आणि दिवाळीच्या पहाटेचा अभ्यंग. अभ्यंग म्हणजे 'अभि + अंग', अंगभर लावणे, असं सर्रास सांगतात. व्याकरणाने ते 'अभि + अञ्ज्' आहे, नीट माखणे. तेव्हा अभ्यंग आणि ऑइंटमेंट नात्यात लागतात.

अमृतांजन घ्या. १८९३ साली काशीनाथुनी नागेश्वरराव यांनी मुंबईत तो बाम काढला. नावात 'अंजन', म्हणजे अर्थाने आणि धातूने अगदी ऑइंटमेंट. पण दुकानात मागताना आपण त्याला म्हणतो बाम. एका पिवळ्या डबीवर दोन घराणी.

सॅल्व्ह : जुन्या इंग्रजीत 'सेआल्फ', जर्मनमध्ये आजही 'झाल्बे' म्हणजे मलम. मूळ अर्थ चरबी, लोणी, तेल. अल्बेनियन भाषेत याच मुळाचा शब्द लोण्यासाठी आहे, मध्य आशियातल्या लुप्त तोखारी भाषेत तेल-तुपासाठी. आणि संस्कृतात? सर्पिस्. आयुर्वेदात 'सर्पि' म्हणजे तूप, ते हेच. मुळातला 'ल' संस्कृतात पुष्कळदा 'र' होतो, म्हणून 'सल्प'चं 'सर्प' झालं.

लेबल_महाल

कोशवाचक ताई, सर्पिस् म्हटल्यावर मालक लगेच सर्प म्हणणार. त्याचा संबंध नाही ना? आणि 'सॅल्व्ह' म्हणजे 'सॅल्व्हेशन'मधला, वाचवणारा, असं इंग्रजी ब्रोशरमध्ये लिहिलंय. ते ठेवू का?

कोशवाचक

दोन्ही काढा.

सर्प 'सृप्' (सरपटणे) पासून, त्याचं लॅटिन भावंड 'सेर्पेन्स'. परंपरागत व्याकरणात उणादि सूत्रांनी सर्पिस् सुद्धा 'सृप्'पासूनच साधतात, पातळ तूप ओघळतं म्हणून. वर्णन म्हणून छान आहे. पण जर्मन, तोखारी, अल्बेनियन या सगळ्यांत मधे 'ल' आहे आणि अर्थ स्निग्ध पदार्थ हाच आहे, तेव्हा तुलनात्मक भाषाशास्त्रात सर्पिस् तिकडे बसतं, सापाकडे नाही.

'सॅल्व्हेशन'चं मूळ लॅटिन 'साल्वुस', सुरक्षित. मलमाचा सॅल्व्ह जर्मानिक, चरबीवाला. दोघांची भेट फक्त स्पेलिंगमध्ये. उच्चार विचाराल तर ब्रिटनमध्ये 'सॅल्व्ह', अमेरिकेत बहुतेक 'सॅव्ह', म्हणजे तिथेही 'ल' गिळलाच. शब्दखोदूंच्या 'ल'ला जोडीदार मिळाला.

एक जाता जाता : चरबी आणि माखणे या दोन कल्पना भाषाभाषांत एकमेकींत सरकतात. संस्कृत 'म्रक्षण' म्हणजे माखणे. त्यातून मराठीत क्रियापद उरलं 'माखणे', हिंदीत पदार्थ झाला 'मक्खन'. 'लिप्' म्हणजे लिंपणे, त्याचा लेप. त्याच धातूकडचा ग्रीक 'लिपोस' म्हणजे चरबी, ज्यातून रक्ततपासणीतला 'लिपिड' आला. लिपिड प्रोफाइलच्या कागदावर लेपाचा भाऊ बसलाय.

इतवारीकर

म्हणजे लिप बाममधला लिपही लेपच का बाप्पा? 😄

कोशवाचक

नाही. ओठाचा 'लिप' लॅटिन 'लाबियुम'कडचा. दिसायला सारखं म्हणजे नातं नव्हे, नाहीतर ब्राह्मीही खरी ठरेल.

खलबत्ता_धंतोली

शब्दांचं झालं, आता तिसऱ्या प्रश्नाकडे येतो, कारण लेबलवर चूक झाली तर ती व्युत्पत्तीने होत नाही, पदार्थाने होते.

ऑइंटमेंट हा औषधनिर्माणशास्त्रातला ठरलेला शब्द आहे : स्निग्ध, अर्धघट्ट आधार आणि त्यात औषध. पाणी नाही किंवा नगण्य. पाणी आणि तेल फेसाळून एकजीव केलं की क्रीम. कोरडी पूड पाव ते निम्म्यापर्यंत नेली की पेस्ट. सॅल्व्ह हा आजच्या औषधकोशातला वर्ग नाही, घरगुती आणि बाजारी शब्द आहे. बामचंही तसंच; व्यवहारात ज्याला कापूर-पुदिन्याचा वास येतो आणि जो चोळून लावायचा तो बाम. फरक असा धरा : मलम लावतात, बाम चोळतात. जखमेवर बाम कोणी चोळत नाही, चोळू नये.

तुमचं गंधकाचं ऑइंटमेंट : १००० ग्रॅमला अवक्षेपित गंधक १०० ग्रॅम आणि सिंपल ऑइंटमेंट ९०० ग्रॅम. सिंपल ऑइंटमेंट म्हणजे लोकरीची चरबी ५०, हार्ड पॅराफिन ५०, सीटोस्टिअरिल अल्कोहोल (मेणासारखा घन पदार्थ) ५०, सॉफ्ट पॅराफिन ८५०. वाफेच्या भांड्यावर आधी हार्ड पॅराफिन, मग अल्कोहोल, मग बाकीचं. सगळ्यात उशिरा वितळणारं आधी, म्हणजे बाकीच्यांना विनाकारण जास्त उष्णता लागत नाही. उतरवल्यावर थंड होईपर्यंत संथ ढवळायचं. ढवळणं सोडलं की पॅराफिन कडेने आधी गोठतं आणि डबीत वाळूसारखे कण लागतात. घाईने, जोरात ढवळलं की हवा शिरते, वजनाला डबी कमी भरते. गंधक थेट सगळ्यात ओतलं तर गुठळ्या राहतात. आधी चाळून, थोड्याशा आधारात काचेच्या पाटीवर पात्याने घोटून घ्यायचं, मग दुप्पट-दुप्पट वाढवत न्यायचं.

याला 'गंधकाचं मलम' म्हणा, बिनधास्त. मूळ शब्द अरबी असो की आणखी कुठला, मराठी रुग्णाला मलम म्हटलं की बरोबर तेच कळतं.

लेबल_महाल

दादा, भेगांचं सॅल्व्ह सध्या मेण आणि तिळतेलाचं आहे. तक्रार अशी की जानेवारीत भरलेला माल मे महिन्यात झाकणातून तेल सोडतो. बामचा तर रसच होतो. हे लेबलचं काम नाही, पण 'थंड जागी ठेवा' एवढं लिहून भागेल का?

खलबत्ता_धंतोली

नागपुरात मे महिन्यात 'थंड जागी' म्हणजे कुठे? पारा ४५ च्या वर जातो, पत्र्याखालच्या दुकानात त्याहून जास्त. ओळ लिहाच, पण सूत्रही बदला.

मेण-तेलाचं मिश्रण म्हणजे आयुर्वेदातलं सिक्थ तैल, मलहर कल्पाचा आधार. परंपरेने एक भाग मेण आणि पाच ते सहा भाग तिळतेल. सहा भाग तेल हिवाळ्यात छान पसरतं. उन्हाळ्याच्या मालाला इथे एकास चार घ्या, म्हणजे १०० ग्रॅममध्ये मेण २० आणि तेल ८०. पिवळं मेण ६२ ते ६५ अंशांवर वितळतं, तेव्हा डबीतलं मेण स्वतः वितळत नसतं. मेणाच्या बारीक स्फटिकांची जाळी तेलाला धरून ठेवते, उष्णतेने ती जाळी विरघळून सैल होते आणि तेल सुटतं. मेण कमी असेल तर जाळी मुळातच विरळ.

मेण तपासून घ्या. चिमटीत चुरगाळलं तर मधमाशीचं मेण आधी मऊ पडतं, बोटांना किंचित चिकटतं, मधाचा वास येतो. मेणबत्तीच्या पॅराफिनची भेसळ असेल तर ते निसरडं लागतं आणि पापुद्र्याने तुटतं. घरच्या घरी एवढंच; खात्रीसाठी प्रयोगशाळेतून आम्लांक आणि साबणीकरणाचा आकडा काढून घ्या. जंगली पोळ्यांच्या मेणात कचरा असतो, पाण्यासोबत वितळवून फडक्यातून गाळा, गार झाल्यावर वडीच्या तळाची काळी पुटी खरवडून टाका आणि वडी पूर्ण वाळवा. त्यात पाणी अडकलं तर तेल लवकर खवट होतं.

तेल तिळाचंच ठेवा. विदर्भात जवस भरपूर म्हणून कोणी जवसाचं तेल सुचवेल. घेऊ नका. ते हवेत सुकणारं तेल आहे, रंगवाले त्यासाठीच वापरतात. त्वचेवर आणि झाकणाच्या आट्यांत चिकट साय धरतं आणि वासही लवकर बिघडतो.

आता बामचा रस होण्याचं कारण वेगळं आहे, आणि ते बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. कापूर घन, पुदिन्याचं फूल (मेंथॉल) घन. दोन्ही खलात एकत्र घासा, काही मिनिटांत पाणी होतं. ओव्याचं फूल घातलं की अमृतधारा झाली. दोन घन पदार्थ मिसळल्यावर मिश्रणाचा वितळणबिंदू दोघांच्याही खाली जातो, म्हणून. म्हणजे सूत्रात तुम्ही १४ ग्रॅम 'घन' औषध घातलं असं धरता, प्रत्यक्षात १४ ग्रॅम पातळ द्रव घातलेला असतो, तोही मेणाची जाळी सैल करणारा. त्यासाठी मेण वाढवावं लागतं.

१०० ग्रॅमला हा हिशेब धरून बघा : मेण १८, तिळतेल ६४, मेंथॉल ८, कापूर ६, निलगिरी तेल ४. उन्हाळ्यासाठी मेण २२, तेल ६०. मेण-तेल ७० अंशांपर्यंत नेऊन एकजीव करा, खाली उतरवा. मेंथॉल, कापूर आणि निलगिरी वेगळ्या झाकणाच्या बाटलीत हलवून आधीच द्रव करून ठेवा. आधार ५० अंशांच्या आसपास आला, अजून पातळ आहे पण कडेला धुरकट पापुद्रा धरू लागलाय, तेव्हा हा द्रव ओता, झाकण लावून हलक्या हाताने ढवळा आणि लगेच भरा. ६५ ला ओतलं तर वास खोलीत जातो, डोळे झोंबतात, डबीत औषध कमी उरतं. फार गार होऊ दिलं तर कडेचं मेण गोठून दाणे पडतात. मग पुन्हा तापवणं आलं आणि तेवढा कापूर गेला.

डबीत भरल्यावर मधोमध खळगा पडतो. मेण गोठताना आकसतं, कडा आधी धरतात, मधलं खाली ओढलं जातं. नव्वद टक्के भरा, पापुद्रा धरल्यावर उरलेलं वरून ओता.

कापूर औषधी दर्जाचाच. आरतीच्या वड्या नकोत. डबी काचेची किंवा अॅल्युमिनियमची; पॉलिस्टायरीनची चकचकीत पारदर्शक डबी अशा तेलांनी तडकते.

इतवारीकर

तूप चालत नाही का आधाराला? सर्पिस् म्हणजेच सॅल्व्ह असेल तर खरं सॅल्व्ह तुपाचंच व्हायला पाहिजे.

खलबत्ता_धंतोली

शब्दाच्या न्यायाने तुमचं बराबर आहे. शतधौत घृत म्हणजे तेच : गाईचं तूप तांब्याच्या परातीत, तेवढंच गार पाणी, तळहाताने फेटायचं, पाणी ओतून द्यायचं, असं शंभर वेळा. पहिल्या दहा-बारा धुण्यांत तूप दाणेदार आणि पिवळंच राहतं, मग फिकट होत होत शेवटी पांढरंशुभ्र, वासरहित, लोण्यापेक्षा हलकं होतं. हाताला गार लागतं, कारण त्यात बारीक थेंबांनी पाणी अडकलेलं असतं. तिथेच त्याची कमजोरीही आहे. पाणी आहे म्हणजे बुरशीला जागा आहे. ओल्या बोटाने काढलं, उष्ण खोलीत ठेवलं की आंबूस वास येतो. दुकानात वर्षभर ठेवायच्या मालाला ते जमत नाही, थोडं करा आणि संपवा. तांब्यात करून तांब्यातच ठेवलं तर हिरवट पडतं, लगेच काचेत काढा.

ताज्या भाजल्यावर मात्र आधी वाहतं पाणी, वीस मिनिटं. तूप, मलम, बाम, टूथपेस्ट काहीच लगेच नाही. स्निग्ध थर आतली उष्णता आत धरून ठेवतो.

शब्दखोदू

चौकटीसाठी एक भर. बायबलच्या यिर्मयात 'गिलादात बाम नाही काय' असा प्रश्न आहे (८:२२), इंग्रजी ब्रोशरवाले हे वाक्य हमखास टाकतात. मूळ हिब्रूत तिथे 'बोसेम' नाही, 'त्सोरी' आहे, वेगळा शब्द. १५६८ च्या बिशप्स बायबलने तिथे 'ट्रीकल' घातलं होतं. ट्रीकल म्हणजे आज काकवी, तेव्हा विषावरचा उतारा. १६११ च्या किंग जेम्स प्रतीने 'बाम' केलं आणि ते रुळलं. म्हणून 'बायबलकाळापासून बाम' असं काही लिहू नका.

पट्टी_तपासणीस

खलबत्ता दादांच्या सूत्राला त्वचेच्या बाजूने जोड. नावात 'बाल्सम' असलेलं सगळं सौम्य असतं हा मोठा गैरसमज. 'बाल्सम ऑफ पेरू' ही राळ येते एल साल्वादोरहून; जहाजं पेरूच्या बंदरातून सुटत म्हणून ते नाव. त्वचारोगतज्ज्ञांच्या पॅच टेस्टच्या (त्वचेवर पट्टी लावून अॅलर्जी तपासण्याच्या) ठरलेल्या संचात ती असते, कारण तिची अॅलर्जी पुष्कळांना असते. भेगांच्या सॅल्व्हमध्ये सुगंधासाठी अशी राळ किंवा दालचिनीचं तेल घालायचा मोह टाळा. भेग म्हणजे उघडी त्वचा.

बामच्या लेबलवर 'दोन वर्षांखालील मुलांना लावू नये', 'नाकाजवळ, डोळ्यांजवळ, जखमेवर लावू नये' आणि 'पोटात घेऊ नये' हे ठळक हवं. कापूर पोटात गेल्याने लहान मुलांना झटके येतात. आणि बाम चोळून त्यावर गरम पिशवी ठेवू नये, हेही. कातडीला चटका बसतो.

लेबल_महाल

सगळ्यांचे आभार. मालकांना वाचून दाखवलं. ब्राह्मी गेली. ठरलं ते असं : पहिल्यावर 'वेदनाशामक बाम', दुसऱ्यावर 'गंधकाचं मलम' आणि खाली लहान अक्षरांत 'सल्फर ऑइंटमेंट', तिसऱ्यावर 'भेगांचं मलम'. सॅल्व्ह फक्त बाहेर जाणाऱ्या मालावर. चौकटीतला मजकूर :

'बाम हा शब्द पश्चिम आशियातल्या एका सुगंधी राळेच्या नावावरून, ग्रीक, लॅटिन, फ्रेंच आणि इंग्रजी अशा वाटेने मराठीत आला. मलम हा अरबी मरहम. ऑइंटमेंट हा आपल्या अंजन आणि अभ्यंग या शब्दांचा दूरचा भाऊ.'

कोशवाचक

ठीक आहे. 'आपल्या'च्या जागी 'संस्कृत' घाला.

खलबत्ता_धंतोली

आणि तिसऱ्या डबीवर 'उन्हाळ्यात तेल सुटल्यास ढवळून वापरा' असं छापायचा विचार असेल तर नको. आधी मेण २० करून दोन डब्या मे महिन्याच्या दुपारी गच्चीवर सावलीत ठेवा, एक उभी आणि एक आडवी. आडवीच्या आट्यांतून तेल आलं नाही तर छापायला द्या.